अग्निशमन केंद्राला वाढीव बांधकाम : दिव्यांगांसाठीच्या सोयी नेमक्या कुठपर्यंत कराव्या लागतात?

आराखडा_४५० यांचा प्रश्न

नवी मुंबईतल्या एका जुन्या नोडमधलं अग्निशमन केंद्र आहे. सध्याची इमारत तळ अधिक एक. खाली तीन गाड्या उभ्या राहण्याची जागा (बे), वर्दी घेणारी वॉच रूम, पाण्याच्या नळ्यांचं (होज) स्टोअर. वर बराक आणि अधिकाऱ्यांचं कार्यालय. बाजूच्या मोकळ्या जागेत ९ × १४ मीटरची नवी विंग जोडायची आहे, तीही तळ अधिक एक. तळाला ना-हरकत दाखल्यांचं काउंटर आणि सोसायट्यांच्या लोकांना प्रशिक्षण द्यायला ४० जणांचा हॉल. वर कार्यालय आणि महिला कर्मचाऱ्यांची विश्रांती खोली. १४ मीटरची बाजू कंपाउंडच्या फाटकापासून आत जाते.

अडचणी अशा:

जोतं रस्त्यापासून ४५० मिमी वर आहे. पावसाळ्यात पाणी भरतं, त्यामुळे ते खाली आणता येत नाही. समोर रॅम्पसाठी जेमतेम ६ मीटर मिळतात. विभागाचं म्हणणं असं की इथे सगळे जवान शारीरिक चाचणी देऊन आलेले, म्हणून आत काही करायची गरज नाही, दारात एक रॅम्प दिला की झालं. लिफ्टचा खर्च कुणालाच नको आहे. आणि जुन्या भागाला हात लावायचा का, हाही प्रश्न आहे.

शाळा-दवाखान्याच्या इमारतींचे नमुना नकाशे मिळतात. अग्निशमन केंद्रात मात्र गाडी कधीही सुटते, त्यामुळे ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत. ज्यांनी अशी कामं तपासली आहेत त्यांनी कृपया मापांसकट सांगावं.

---

नियम_वाचक

आधी विभागाच्या म्हणण्याबद्दल, कारण बाकी सगळं त्यावरच अडलेलं आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सूट आहे, पण ती नोकरीच्या बाबतीत. कामाचं स्वरूप बघून सरकार एखाद्या आस्थापनेला कलम २० (नोकरीत भेदभाव नको) किंवा कलम ३४ (राखीव जागा) मधून सूट देऊ शकतं. होज घेऊन आगीत शिरणाऱ्या जवानाचं पद त्यात येऊ शकतं. इमारत त्यात येत नाही. इमारतीचं कलम ४४ आहे आणि त्यात अग्निशमन केंद्र, पोलीस ठाणं, रुग्णवाहिका केंद्र असा काही अपवाद नाही. नकाशा नियमांप्रमाणे नसेल तर बांधकाम परवानगी देता येत नाही, आणि बांधून झाल्यावर पालन झालेलं नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. महापालिका स्वतःच बांधते म्हणून हे कलम सुटत नाही.

दुसरी गोष्ट विभागाला जरूर दाखवा : कलम २०, पोटकलम ४. सरकारी आस्थापनेला सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनात दुसरं पद द्यायचं, पद नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जास्तीचं) पद निर्माण करायचं. अग्निशमन दलात जखमी होणं नवीन नाही. पाय गमावलेल्या जवानाला कायद्याने वॉच रूममध्ये, नियंत्रण कक्षात किंवा दाखल्यांच्या टेबलावर घ्यावंच लागेल. त्या टेबलापर्यंत आणि शौचालयापर्यंत त्याला जाता येत नसेल, तर ते पद कागदावरच राहिलं. ‘आमचे सगळे जवान धडधाकट’ हे आजचं वर्णन झालं. इमारत पुढची चाळीस-पन्नास वर्षं उभी राहणार आहे.

जुना भाग : कलम ४५ प्रमाणे अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. त्यामुळे फक्त नवी विंग करून जुनीकडे दुर्लक्ष करता येत नाही. गाड्यांची बे तोडा असा याचा अर्थ नाही. फाटक, प्रवेश, नव्या-जुन्याला जोडणारा मार्ग, वॉच रूम आणि निदान एक शौचालय याच अंदाजपत्रकात घ्या.

मापांसाठी तीन कागद शेजारी-शेजारी ठेवा : आपली एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (२०२०, प्रकरण १३), राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ३, आणि केंद्राची सार्वत्रिक सुगम्यतेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं व मानकं. शेवटचा कागद ‘फक्त मार्गदर्शक’ म्हणून बाजूला सारला जातो. २०२३ मध्ये तो केंद्राच्या नियमांत जोडला गेला, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायदा बंधनकारक भाषेत बोलत असताना नियमांनी निव्वळ शिफारशी करून भागत नाही, किमान बंधनकारक मानकं वेगळी काढावीच लागतील. तेव्हा जिथे तिन्हींची मापं वेगळी निघतात तिथे सगळ्यात कडक माप धरा. नंतर फोडाफोडी करावी लागत नाही.

---

उतार_आणि_पाणी

रॅम्पचा हिशेब मांडतो.

४५० मिमी चढ, १:१२ उतार (१२ मिमी पुढे जाताना १ मिमी चढ), म्हणजे ५.४ मीटर नुसता उतार. ३०० ते ७५० मिमी चढाला दर ५ मीटरवर विसाव्याचं लँडिंग लागतं, म्हणजे मध्ये १.५ मीटर आणखी. वर आणि खाली १.५-१.५ मीटर सपाट. बेरीज ९.९ मीटर. तुमच्याकडे ६. दुमडला तर २.७ मीटरचे दोन टप्पे, वळणाचं लँडिंग १.८, एका टोकाला १.५ : बरोबर ६.० मीटर, आणि रुंदीत ३.८ ते ४ मीटर, कारण आपल्या नियमावलीप्रमाणे रॅम्प १.८ मीटर रुंद हवा. कागदावर बसतो. जागेवर बसत नाही.

का बसत नाही ते सांगतो. नकाशात जोतं ४५० असतं ते काँक्रीटच्या वरच्या अंगापर्यंत. त्यावर २० मिमी ग्रॅनाइट आणि खाली २० मिमी मसाला आला की चढ ४९० होतो. रॅम्पचं काँक्रीट मात्र ५.४ मीटरमध्येच ओतून झालेलं असतं. ४९० भागिले ५४००, म्हणजे १:११. पूर्णत्वाच्या वेळी डिजिटल लेव्हल लावली की नापास. त्यामुळे १:१२ हे माप नकाशात कधीच काढू नये. १:१४ काढा, तयार फरशीच्या लेव्हलपासून मोजा, म्हणजे साइटवरची चूक पोटात घेऊन तो १:१२ च्या आत राहतो. १:१४ ने तुमच्या ६ मीटरमध्ये दुमडलेला रॅम्पही बसणार नाही (३.१५ + १.८ + १.५ = ६.४५).

म्हणून माझं मत : समोरचा रॅम्प सोडून द्या. तुमच्याकडे १४ मीटरची बाजू आहे. फाटकापासून नव्या विंगच्या दारापर्यंत सगळी वाटच हळूहळू उचला. १:२२ ने ४५० मिमी चढायला ९.९ मीटर लागतात, दोन्ही टोकांना १.५ मीटर सपाट धरून १२.९. बसतं. फरशीची जाडी आधीच हिशेबात घ्या : तयार लेव्हल ४९० होणार असेल तर १०.८ मीटर लागतील आणि एकूण १३.८. घट्ट आहे, पण बसतं. १:२० पेक्षा सौम्य वाट ही रॅम्प धरली जात नाही, ती चालायची वाट झाली. चाकखुर्ची, आजोबा, कागदपत्रांची पिशवी घेतलेली गरोदर बाई, सगळे एकाच वाटेने एकाच दारातून आत येतात. दिव्यांगांना बाजूच्या दारातून आणि बाकीच्यांना समोरून, असा भेद राहत नाही.

कडेला ४५० मिमीची धार उघडी ठेवू नका. एका बाजूला इमारतीची भिंत आहेच, दुसऱ्या बाजूला मातीचा भराव घालून जमीन वाटेला मिळवा. भराव शक्य नसेल तर कडेला १०० मिमीची कड आणि दोन उंचींवर हँडरेल, नियमावलीप्रमाणे ८०० आणि ९०० मिमी. नळी ३८ ते ४५ मिमी व्यासाची, भिंतीपासून ५० मिमी सुटी, आणि चढ संपल्यावर दोन्हीकडे ३०० मिमी पुढे. ते ३०० मिमी बहुतेक ठिकाणी कापलेले दिसतात. दृष्टिहीन माणसाला उतार संपल्याचं हाताला कळतं ते तिथेच.

पाणी : दार आणि बाहेरची फरशी एका लेव्हलला आली की पावसाचं पाणी आत येणार, या भीतीने शेवटच्या दिवशी उंबरा ठोकला जातो. उंबरा नको, दारावर किमान १.५ मीटर पुढे आलेला छज्जा आणि दाराबाहेर आडवी नाली द्या. नालीवरच्या जाळीच्या फटी १२ मिमीच्या आत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या. उभ्या फटीत चाकखुर्चीचं पुढचं छोटं चाक अडकतं. वाटेला आडवा उतार १:५० पेक्षा जास्त नको. फरशी फ्लेम फिनिश ग्रॅनाइट किंवा ब्रूम फिनिश काँक्रीट. पॉलिश केलेलं काहीही जूनमध्ये घसरगुंडी होतं.

एवढं मात्र बघा की हा उंचवटा गाड्या फिरण्याच्या जागेत येत नाही. नकाशावर गाडीच्या वळणाची रेषा काढूनच वाटेची कड ठरवा.

---

टर्नआउट_बेल

अग्निशमन केंद्राचं वेगळेपण विचारलंत, तेवढंच लिहितो.

सगळ्यात आधी फाटक. पायी येणाऱ्यांचं फाटक गाड्यांच्या फाटकापासून वेगळं करा. नागरिकांची वाट बेच्या तोंडासमोरून कधीही जाता कामा नये. टर्नआउट (कॉलवर निघायची घंटा) झाल्यावर मिनिटाभरात गाडी ॲप्रनवर (बेसमोरच्या फरसबंद जागेत) असते, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला मागून येणारी गाडी कळत नाही. तुमच्याकडे बाजूची वाट शक्य आहे, म्हणजे हा प्रश्न मुळातच सुटतो. त्यासाठीसुद्धा वरचा सल्ला पटतो.

जुन्या भागातून पार्किंगकडे जाताना ॲप्रन ओलांडावाच लागत असेल तर एकाच ठिकाणी, बेपासून शक्य तितका लांब. दोन्ही टोकांना ठिपक्यांच्या इशारा-फरशीचा पट्टा, आणि टर्नआउट बेलला जोडलेला फिरता दिवा व भोंगा. ॲप्रनवर टॅक्टाइल (पायाला आणि काठीला कळणारी उंचवट्यांची) फरशी लावू नका. पाणी भरलेल्या गाडीच्या चाकाखाली ती एका पावसाळ्यात उखडते आणि उखडलेले तुकडे जास्त धोक्याचे.

रनिंग कॉल : माणूस स्वतः धावत केंद्रावर येऊन वर्दी देतो तो. रात्री काउंटर बंद असतं, वॉच रूमची खिडकी उंच असते. खिडकीबाहेर ९०० ते १२०० मिमी उंचीवर मोठं बटण द्या. ते दाबलं की आत घंटाही वाजली पाहिजे आणि दिवाही लागला पाहिजे, आणि बाहेर ‘तुमची हाक पोचली’ असं दाखवणारा दिवा लागला पाहिजे. ऐकू-बोलू न शकणाऱ्या माणसाला हाक पोचली की नाही हे दुसरं कशाने कळणार? खिडकीपाशी परिसराचा मोठा छापील नकाशा आणि आग, अडकलेला माणूस, गॅस, झाड पडणं यांची चित्रं असलेला तक्ता ठेवा. बोट ठेवून वर्दी देता येते. खर्च जवळपास नाही.

धोक्याच्या घंटा : केंद्रात दोन प्रकारच्या असतात, कॉलवर निघायची आणि इमारत रिकामी करायची. दिवे लावताना दोन्हींना वेगळे रंग द्या. झपकणारे दिवे हॉल, काउंटर, विश्रांती खोली आणि प्रत्येक शौचालयात हवेत. सेकंदाला एक ते दोन झपके. एका हॉलमध्ये दोन दिवे असतील तर एकाच तालात झपकले पाहिजेत, नाहीतर अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. पॅनेल मागवतानाच हे लिहा, नंतर जमवता येत नाही.

सुटका : इथे एक गृहीत धरलं जातं ते चुकीचं आहे. ‘अग्निशमन केंद्रच आहे, जवान उचलून खाली आणतील.’ मोठ्या कॉलवर सगळ्या गाड्या बाहेर जातात आणि मागे वॉच रूममधला एक माणूस उरतो. त्याला खुर्ची सोडता येत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर बंदिस्त जिन्याच्या लँडिंगवर येण्याजाण्याची रुंदी सोडून किमान ९०० × १२०० ची थांबायची जागा, तिथे वॉच रूमशी दुहेरी बोलणं होईल असा संच, आणि भिंतीला टांगलेली उतरणीची खुर्ची. ती चालवायला दाखल्यांच्या विभागातल्या कारकुनांनाही शिकवा. दिवसा हजर असतात ते तेच.

जुन्या इमारतीत बराकीतून खाली यायचा खांब असेल तर त्या भोकाभोवतीचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार तपासा. प्रशिक्षणाला आलेली माणसं इमारत बघायला वर जातात. कुंपणाआधी ३०० मिमीवर इशारा-फरशी लावा. आणि कॉरिडॉरमधली अग्निशामकं, होज बॉक्स भिंतीतल्या कोनाड्यात बसवा. भिंतीपासून १०० मिमीपेक्षा पुढे आलेली आणि खाली जमिनीपर्यंत न पोचणारी वस्तू पांढऱ्या काठीला लागत नाही, थेट अंगाला लागते.

---

ऐरोली_चाकखुर्ची

शौचालय आणि लिफ्ट या दोन गोष्टी कागदावर बरोबर असूनही वापरता येत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल.

एकात्मिक नियमावलीत शौचालयाचं किमान माप १५०० × १७५० आहे. त्यात चाकखुर्ची आत जाते, पण वळत नाही आणि कमोडशेजारी उभी राहत नाही. आतून २२०० × २००० द्या. कमोडच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ९०० मिमी मोकळं. बसायची उंची ४५० ते ४८०. नियमावलीतली ५०० उंची बऱ्याच जणांचे पाय टेकू देत नाही. भिंतीच्या बाजूला पक्की आडवी दांडी, मोकळ्या बाजूला वर उचलता येणारी, दोन्ही बसण्यापासून २०० ते २५० मिमी वर. जेट स्प्रे बसल्या जागी हाताला लागला पाहिजे. तो मागच्या भिंतीला लावतात, तिथे हात पोचत नाही.

दांड्या कशात ठोकणार ते आधी ठरवा. आता सगळीकडे सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंती असतात. त्यात साधा फास्टनर लावला की माणसाचं पूर्ण वजन आल्यावर दांडी प्लास्टरसकट बाहेर येते. ज्या भिंतीवर दांड्या येणार तिथे ६०० ते १००० मिमी उंचीत आरसीसी पट्टा किंवा भरीव काँक्रीट ब्लॉक घाला. नकाशात हे लिहिलेलं नसेल तर गवंडी करणार नाही, त्याचा त्यात दोष नाही.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, बाहेरून उघडता येईल अशी कडी. मदतीची दोरी जमिनीपासून ३०० मिमीपर्यंत लोंबती हवी, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. सफाईवाले ती गुंडाळून वर बांधतात, म्हणून शेजारी पाटी लावा. घंटा वॉच रूममध्ये वाजू द्या. चोवीस तास माणूस हजर असण्याची सोय फार थोड्या इमारतींत असते, तुमच्याकडे ती आहे.

आणि शौचालयाची जमीन २० मिमी खाली घ्यायची सवय इथे सोडा. नानी ट्रॅप (पाणी जाण्याची जाळी) दाराच्या समोरच्या कोपऱ्यात, १:१०० उतार, दारात फक्त तिरकी पट्टी. पाणी बाहेर येत नाही.

लिफ्ट : नियमावलीतलं आतलं माप ११०० मिमी खोल आणि २००० मिमी रुंद. पाऊलपट्टीवर पाय ठेवलेली चाकखुर्ची साधारण ११०० ते १२०० मिमी लांब होते, म्हणजे सरळ आत गेल्यावर दार बंद होताना मागच्या चाकांना लागतं. १५०० × १५०० घ्या, दार ९००, बटणं ९०० ते १२०० उंचीत, ब्रेल आणि मराठी आवाजासह. दार किमान ५ सेकंद उघडं राहिलं पाहिजे. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन उघडणारी बॅटरी यंत्रणा कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्याप्रमाणे बसवण्याआधी परवानगी आणि नंतर परवाना लागतो. तो वेळ कामाच्या वेळापत्रकात धरा.

काउंटरचा किमान ९०० मिमी रुंदीचा भाग ७५० ते ८०० उंचीवर, खाली गुडघ्यांसाठी ७०० उंच आणि ५०० खोल मोकळी जागा. खाली कपाट करू नका.

---

आराखडा_४५०

फार उपयोग झाला. बाजूची उचललेली वाट नकाशावर काढून बघितली, बसते. आता दोन प्रश्न. वरच्या मजल्यावर नागरिक येणारच नाहीत, मग लिफ्टऐवजी फक्त खड्डा आणि शाफ्ट ठेवून ‘भविष्यात’ लिहिलं तर? आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर काय काळजी घ्यायची? पाया वेगळा आहे, नवी विंग पाइलवर (जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर) जाणार आहे.

---

नियम_वाचक

वर कार्यालय असेल तर कर्मचारी वर जाणार, आणि कलम २० चा माणूस तिथेच बसणार. ‘भविष्यात’ लिहिलेला शाफ्ट म्हणजे पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वेळी अपूर्ण काम. पैसे खरंच नसतील तर मजल्यांची अदलाबदल करा : कार्यालयातली टेबलं खाली हॉलशेजारी आणा, वर फक्त बराक आणि विश्रांती खोली ठेवा. तरी महिला कर्मचाऱ्यांची एक विश्रांती खोली शौचालयासह खाली लागेलच. ९ × १४ मध्ये काउंटर, हॉल, कार्यालय आणि ही खोली बसवताना हॉल ४० वरून ३० जणांवर येईल असं दिसतं. मला स्वतःला लिफ्ट जास्त पटते, कारण जुनी बराकही त्याच लिफ्टने जोडता येते आणि कलम ४५ चं काम तिथेच पुरं होतं.

---

साइट_सुपरवायझर_तुर्भे

सांध्याचं मी सांगतो.

पहिलं, दोन्ही इमारतींच्या स्लॅबच्या लेव्हल जुळवा. जुनी मजला-उंची ३.६ असेल आणि नवी ‘आता चांगली उंच ठेवू’ म्हणून ३.७५ केली तर वरच्या कॉरिडॉरमध्ये १५० मिमीचा फरक येतो आणि तिथे १.८ मीटरचा उतार घुसवावा लागतो. जुन्या मजल्याची तयार लेव्हल पाइप लेव्हलने प्रत्यक्ष मोजा. जुन्या नकाशावर विसंबू नका, मध्ये कधीतरी फरशीवर फरशी चढलेली असते.

एक्स्पान्शन जॉइंटवर (दोन इमारतींमध्ये हालचालीसाठी सोडलेल्या फटीवर) ॲल्युमिनियमची ठोकलेली पट्टी नको. तिची कड ५-६ मिमी वर राहते, स्क्रू सैल झाले की उचलते. फरशीच्या लेव्हलला बसणारं प्रोफाइल, मध्ये रबर, असं घ्या. तयार फरक ६ मिमीच्या आत चालतो, ६ ते १२ असेल तर कड १:२ ने तिरकी घासायची, त्यापुढे उतारच करावा लागतो.

तुमच्या भागात खाली खाडीची चिकणमाती आहे. विंग पाइलवर, बाहेरची वाट भरावावर. विंग जागेवर राहते आणि वाट बसते. दोन-तीन पावसाळ्यांत दारात २०-३० मिमीची पायरी तयार होते, आणि सगळी मेहनत त्या पायरीपाशी थांबते. उपाय : दाराबाहेरचं १.५ मीटर लँडिंग इमारतीच्याच प्लिंथ बीमवरून (जोत्याच्या तुळईवरून) काढा. त्याच्या पुढचा ३ मीटरचा स्लॅब एका टोकाला लँडिंगच्या बीमवर टेकवा, डॉवेल (जोडणाऱ्या लोखंडी सळ्या) घालून, दुसरं टोक भरावावर. भराव बसला तर तो स्लॅब थोडा कलतो, पण पायरी पडत नाही. ३ मीटरवर ३० मिमी बसला तर उतार १:२२ वरून १:१८ च्या आसपास जातो. तेवढ्यासाठी त्या टप्प्याला सुरुवातीलाच १:२५ द्या आणि हँडरेल लावून ठेवा. त्याने वाट साधारण ३६० मिमी लांबते आणि तुमच्या १४ मीटरमध्ये ती मावत नाही. वरचं लँडिंग दाराशी वळवून तेवढी जागा काढा, किंवा फाटक थोडं रस्त्याकडे सरकवा. भराव २०० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थर दाबून. वाटेवर पेव्हर ब्लॉक टाकू नका, ते एकेकटे बसतात.

दारं : ९०० ची चौकट मागवली की ९०० मोकळे मिळत नाहीत. १००० च्या गाळ्यातून दोन्ही बाजूंची चौकट आणि ९० अंशांत उघडलेल्या पल्ल्याची जाडी वजा केली की ८४० च्या आसपास उरतात. ९०० मोकळे हवे असतील तर भिंतीत ११०० चा गाळा ठेवा. मोजताना पल्ला उघडून मोजा.

अंदाजपत्रकात ‘दिव्यांगांसाठी सुविधा, एकरकमी’ अशी ओळ असेल तर काम उरकताना पहिली तीच कापली जाते. हँडरेल रनिंग मीटरमध्ये, टॅक्टाइल फरशी चौरस मीटरमध्ये, दांड्या नगावर, झपकते दिवे नगावर, अशा वेगळ्या बाबी करा. ज्या बाबी दरसूचीत नाहीत त्यांचं दरविश्लेषण आधीच मंजूर करून घ्या.

आणि वाढीव बांधकाम चालू असताना केंद्र चालूच राहणार आहे. खोदाई सुरू व्हायच्या आधी जुन्या दारापर्यंतची तात्पुरती वाट तयार करा : १२ मिमी चेकर्ड प्लेट किंवा शटरिंग प्लायवर घसरणरोधक पट्ट्या, १:१२, बाजूला पाइपची रेलिंग. बॅरिकेडचा खालचा पाइप जमिनीपासून ३०० मिमीच्या आत ठेवा, नाहीतर काठी खालून जाते आणि माणूस खड्ड्यात.

---

आराखडा_४५०

लिफ्टसह अंदाजपत्रक पाठवतो. मार्गदर्शक पट्ट्या असलेली फरशी फाटकापासून कुठपर्यंत न्यायची?

---

ऐरोली_चाकखुर्ची

फाटकापासून काउंटरपर्यंत सलग, ३०० × ३०० च्या पट्टेदार फरश्या, दोन्ही बाजूंना ६०० मिमी मोकळं. वळणावर, दारापाशी आणि काउंटरसमोर ठिपक्यांच्या. दारातून पुढे जिना, लिफ्ट आणि शौचालयाकडे फाटे. रंग आजूबाजूच्या फरशीपेक्षा ठळक वेगळा : राखाडी ग्रॅनाइटवर पिवळा. फाटकापाशी पट्टी सुरू होते तिथे दुचाक्या उभ्या राहतात, म्हणून तिथे दोन बोलार्ड (ठेंगणे खांब) लावा, मधलं अंतर १२०० मिमी. पालिकेच्या फुटपाथवर पट्टी असेल तर तिला जोडून घ्या. फाटकाची रेषा आणि फुटपाथ यांच्यामधला अर्धा-एक मीटर कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो, तो तुम्ही तुमच्यात घ्या.